पाहुण्याची मूठ

१

यादव नानांनी पोस्टात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा धरणगावात. या बत्तीस वर्षांत आपल्या हातून एकही पार्सल चुकीच्या गावी गेलं नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि खोटं ठरवायला कुणी पुढं येत नसल्यामुळे ते खरं धरायला हरकत नव्हती. नानांचा हात म्हणजे काटा होता. पाकीट तळव्यावर घेतलं की डोळे मिटून वजन सांगत आणि मग काट्यावर ठेवून काट्याची परीक्षा घेत.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाना परदेशी तिकिटांना लागले. तिकिटं मिळावीत म्हणून त्यांनी पत्रमैत्री धरली होती. जगाच्या पाठीवर सातआठ जणांना ते इंग्रजीतून हवापाण्याची खबर कळवत आणि उलट टपाली येणारी तिकिटं पाण्यात भिजवून सोडवून घेत. बाकी दिवस ठरलेला. सकाळी पितळी पेल्यात चहा, मग ओसरीवरच्या वेताच्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र, अकराला पोस्टमन लोटनची वाट पाहणं, आणि त्यानंतर जेवायला हाक येईपर्यंत लोटनच्या कामातल्या चुका आठवणं.

एकोणनव्वद सालच्या आषाढात लोटननं ओसरीवर एक खोका आणून ठेवला.

"नाना, फिनलंड कोठे शे हो?"

"फार वर," नाना म्हणाले. खोक्यावरच्या चिठ्ठीत चारशे ग्रॅम लिहिलं होतं. नानांनी खोका हातावर घेतला, डोळे मिटले. बरोबर चारशे. फिनलंडच्या पोस्टाबद्दल त्यांचं मत चांगलं झालं.

आत एक कापडी बाहुला निघाला. हातभर लांब, डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी, नाकावर तारेचा चष्मा, अंगात निळा स्वेटर. सोबत एक जाड वही. वहीच्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत मजकूर होता, तो नानांनी बायकोला, कलाबाईंना, मोठ्यानं मराठी करून सांगितला: "मी जग फिरतो. महिनाभर मला ठेवून घ्या. आपलं गाव दाखवा. माझ्यासोबत फोटो काढून या वहीत चिकटवा आणि मला पुढच्या यजमानाकडे पाठवा. तोवर मला अगदी घरातलाच समजा."

"घरनाच समजो?" कलाबाईंनी पदराला हात पुसले. "मंग याले खोकामां का बरं ठेवेल शे? आठे बसाडा."

आणि त्यांनी पाहुण्याला उचलून सरळ नानांच्या आरामखुर्चीत बसवलं. नाना हसले. पाहुण्याला खुर्ची आणि घरच्याला बाज ही खानदेशातली रीतच आहे. ते बाजेवर बसून वहीतले शिक्के पाहू लागले. प्रत्येक पानावर एकेक फोटो होता, पण नानांचा जीव शिक्क्यांत अडकला: पोर्तुगाल, कॅनडा, जर्मनी, फिनलंड. एकही शिक्का पुसट उमटलेला नव्हता.

एकच गोष्ट त्यांना खटकली. बाहुल्याच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जोड्यांचे तळ झिजले होते. टाचेकडून, चालणाऱ्या माणसाचे झिजतात तसे. खोक्यातून फिरणाऱ्याचे जोडे कशानं झिजतात? मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की कुणीतरी जुन्या नमद्याचे जोडे शिवले असतील. फिनलंडात काटकसर असतेच.

२

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली, असं म्हणतात. या पाहुण्याचं उलटं झालं. तिसऱ्या दिवशी अख्खी गल्ली त्याला बघायला लोटली. कुणी कळण्याची भाकरी आणली, कुणी वांग्याचं भरीत. शेजारच्या तानुबाईंनी त्याच्या टोपीवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "वाळी गया वं बिचारा. तिकडे थंडीमां काय खावाले भेटत व्हई?"

कलाबाई त्याच्यापुढं रोज ताट ठेवू लागल्या. थोड्या वेळानं ताट रिकामं दिसे. ओसरीवर मांजराचा राबता होता, त्यामुळे नानांनी त्याचा विचार केला नाही. मांजर भरीत खात नाही, हे त्यांना आठ दिवसांनी आठवलं.

दुपारी नाना आतल्या खोलीत आडवे होत. भिंतीपलीकडून कलाबाईंचा आवाज येई. मोती या वर्षी कानबाईच्या सणाला येणार का, सून अशी का बोलली, गुडघा कुठं दुखतो. मोती म्हणजे त्यांचा मुलगा मोतीलाल, सुरतेला नोकरीला. बोलणं मध्येच थांबे, आणि मग कलाबाई "हां, हाईबी खरं शे" असं म्हणत. ही मधली जागा नानांना ऐकवेना. उत्तराला जितका वेळ लागतो तितकीच ती असे.

पण कलाबाई तुळशीशी बोलत, दुधाशी बोलत, उतू गेलं तर त्याला शिव्याही देत. अडतीस वर्षांत नानांनी त्यांना पुरतं उत्तर दिलं नव्हतं, मग बाईमाणसानं बोलायचं कुणाशी? हा विचार मनात आला आणि नानांना थोडं वाईटही वाटलं. त्यांनी कूस बदलली.

आणि खरं सांगायचं तर त्यांना तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण त्यांची स्वतःची सरबराई एकाएकी वाढली होती. पितळी पेला जाऊन नक्षीची कपबशी आली होती, जी फक्त व्याह्यांसाठी फडताळातून निघे. बाजेवर नवी चादर आली. भाकरीवर तूप पडू लागलं आणि कलाबाई "लाजू नका, लाजू नका" म्हणत आणखी वाढू लागल्या. या वयात बायकोला आपली कदर आली म्हणून नाना मनातून सुखावले. दोन दिवस त्यांनी दाढीसुद्धा वेळेवर केली.

३

फोटोसाठी नाना पाहुण्याला घेऊन जळगावला गेले. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "याचं अर्धं काढू का, नाना?" आणि सगळी गाडी हसली. नानाही हसले, पण पिशवीचे बंद त्यांच्या बोटांत रुतले होते. हात सांगत होता, दोन किलो. त्यांनी डोळे मिटून पुन्हा तोललं. दोन किलो, शंभर ग्रॅम वर. वय झालं की हातही खोटं बोलतो, असं म्हणून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

रुपचंदच्या स्टुडिओबाहेर नाणं टाकून वजन करायचं यंत्र होतं. नानांच्या पाकिटात गेल्या दिवाळीची चिठ्ठी जपून ठेवलेली होती: एकसष्ट किलो. पाहुण्याला कडेवर घेऊन ते यंत्रावर चढले. दिवे फिरले, घरघर झाली, चिठ्ठी पडली. एकसष्ट. पाहुण्याला खाली ठेवून पुन्हा चढले. एकोणसाठ. चिठ्ठीच्या मागं भविष्य छापलेलं होतं: लवकरच दूरच्या प्रवासाचा योग आहे.

"रुपचंद, तुझं यंत्र बिघडलं आहे," नाना आत शिरत म्हणाले.

"लोक खूश होऊन जातात नाना. तुमचं कमी आलं ना? मग कशाला तक्रार करता?"

रुपचंदनं पाहुण्याला खुर्चीत बसवलं, नानांना मागं उभं केलं, "हलू नका" म्हणून बजावलं आणि फोटो काढला. आठवड्यानं पाकीट घ्यायला नाना पुन्हा गेले तेव्हा त्यानं स्वतःच फोटो बाहेर काढून दाखवला.

"घरचे झकास आलेत बघा. पाहुणे तेवढे जरा हलले."

फोटोत खुर्चीतला बाहुला कोरून काढल्यासारखा स्वच्छ आला होता. नाना मात्र पुसट होते, चेहऱ्याच्या जागी नुसतं उजेडाचं सारवण. बरोबर आहे, नानांनी स्वतःला समजावलं, बाहुला हलत नाही म्हणून नीट येतो, जिवंत माणूस हलतो. रुपचंदची जीभ घाईत घसरली असेल, घरचा कोण आणि पाहुणा कोण ते उलटं बोलला, इतकंच. पण धरणगावपर्यंत सगळ्या वाटेनं नाना खिडकीच्या काचेत आपला चेहरा शोधत बसले.

४

त्याच संध्याकाळी कलाबाईंनी ओसरीवर परात मांडली आणि गव्हाचा डबा उघडला. कानबाई आठ दिवसांवर आली होती.

कानबाईचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, हा त्या घराचा सर्वांत मोठा कुळाचार. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावानं, एकेकाची सव्वा मूठ गहू मोजायचे. त्याच गव्हाचं दळण, त्याचेच रोट, आणि ते फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. ज्याची मूठ परातीत पडली तो घरचा, मग तो सुरतेला असो की सातासमुद्रापार. मोतीलाल चार वर्षं कानबाईला आला नव्हता, पण त्याची मूठ एकदाही चुकली नव्हती.

"हाई मोतीना बापनी," कलाबाई म्हणाल्या आणि पहिली मूठ पडली. नानांना त्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून याच नावानं हाक मारत. "हाई मोतीनी." दुसरी पडली. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "अन् यानी? तुम्हीच वाचं ना, घरनाच समजो म्हनीसन."

नाना दिवसभराचे वैतागले होते, तरी त्यांना हसू आलं. हा सगळा बाहुल्याचा खेळ, त्यात बायकोचं मन कशाला मोडायचं? "घे, घे त्याचीही. एवढं खाल्लं आहे आपलं, भाऊबंदच झाला."

तिसरी मूठ पडली. खुर्चीचं वेत करकरलं, माणूस नीट सावरून बसतो तेव्हा करकरतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "मोतीना बाप, चहा ल्या!" नाना वर्तमानपत्र ठेवून बाजेवरून उठले आणि त्यांना दिसलं की पितळी पेला खुर्चीच्या हातावर ठेवलेला आहे आणि त्यातून वाफ येते आहे. त्यांची कपबशी मागून आली. सोबत बशीत दोन बिस्किटं होती. घरच्या माणसाला कुणी बिस्किटं देत नाही.

"अगं, पेला माझा आहे," नाना म्हणाले.

कलाबाई हसल्या. कसलंही वैर नसलेलं, आदबीचं हसू. "तुम्हले कपच बरा."

त्या आठ दिवसांत नानांना घरात काही सापडेनासं झालं. चपला दाराबाहेर, पाहुण्यांच्या चपला काढतात तिथं असत. धोतर घडी करून त्यांच्याच पिशवीत भरून ठेवलेलं असे. मोतीचं अंतर्देशीय पत्र आलं तेव्हा लोटननं ते खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि कलाबाईंनी ते खुर्चीकडे तोंड करून वाचून घेतलं. तानुबाईंनी कुंपणावरून विचारलं, "अक्का, पाव्हना अजून किती दिन शेत?" नानांनाही तेच विचारायचं होतं, म्हणून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "शनिवारी जाणार." तानुबाईंनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. "या हो पुन्हा," त्या म्हणाल्या.

५

शुक्रवारी दुपारी नानांनी फोटो चिकटवायला वही उघडली. आता मात्र ते शिक्के पाहत बसले नाहीत.

पहिल्या पानावर पोर्तुगालमधला एक टकला, जाडा माणूस. त्याच्या हातात सशाचं खेळणं. दुसऱ्या पानावर कॅनडातल्या एक बाई, भुरे कुरळे केस, ठिपक्यांचा झगा. त्यांच्या मांडीवरचं खेळणं ससा नव्हतं. तो एक कापडी बाहुला होता, टकला आणि जाडा. तिसऱ्या पानावर जर्मनीतला उंच तरुण, गळ्यात लाल मफलर. त्याच्या खांद्यावरच्या बाहुलीला भुरे कुरळे केस होते आणि झग्यावर ठिपके होते.

नानांनी चष्मा पुसला. वाटेत पार्सल फुटतं, भिजतं, हरवतं, हे त्यांना माहीत होतं. पण आतला माल बदलतो असं बत्तीस वर्षांत घडलं नव्हतं.

चौथं पान फिनलंडचं होतं. त्यांचा पत्रमित्र तोइवो, दोन वर्षं ज्यानं त्यांना न चुकता तिकिटं पाठवली, तो आपल्या घराच्या पायरीवर बसला होता. मांडीवर लाल मफलर घातलेला बाहुला. तोइवोच्या डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी होती, नाकावर तारेचा चष्मा, अंगात निळा स्वेटर.

ओसरीवर वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला. वारा असेल, नाना म्हणाले. आषाढ संपून श्रावण लागला होता आणि सकाळपासून झाडाचं पान हललेलं नव्हतं.

भीती वाटली की पोस्टातला माणूस काय करतो? कामाला लागतो. नानांनी कपाटातून मांजरपाट काढला, पाहुण्याच्या मापानं दीड हात फाडला, सुईदोरा आणि लाखेची कांडी काढून ठेवली. ब्राझीलमधल्या एक बाई गेले वर्षभर तिकिटांसाठी लिहीत होत्या. नानांनी कापडाच्या तुकड्यावर त्यांचा पत्ता घातला, मोठ्या ठसठशीत अक्षरात, एकेक आकडा ताडून. उद्या लोटन आला की पार्सल रवाना. मग त्यांच्या लक्षात आलं की एक गाठ अजून सोडवायची राहिली आहे. परातीत पाहुण्याची मूठ होती, आणि घरचा माणूस कुणी पार्सलनं पाठवत नाही.

६

शनिवारी सकाळी मगन चक्कीवाल्याचा निरोप आला: चक्की धुऊन पुसून तयार आहे, रोटाचं दळण पाठवा. कलाबाईंनी परातीवरचं लाल फडकं काढलं. नाना बाजेवर बसले होते. रात्री त्यांना झोप लागली नव्हती आणि अंग विचित्र हलकं वाटत होतं, भुस्कट भरल्यासारखं.

"थांब," ते म्हणाले. "पुन्हा मोज."

"मोजेल शेत ना गहू."

"चुकीचे मोजले आहेत. पाहुण्याची मूठ घेत नाहीत. आपल्यात ती रीतच नाही. मी त्या दिवशी थट्टेत हो म्हणालो, ती चूक माझी. हे गहू डब्यात टाक आणि फक्त घरच्यांची घे."

"बरं," कलाबाई म्हणाल्या.

अडतीस वर्षांत त्या पहिल्यांदाच एका शब्दात ऐकत होत्या. नानांना तेव्हाच भ्यायला हवं होतं. पण त्यांना सुटल्यासारखं वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं. हे घर, ही ओसरी, ही बाई आपली आहे आणि अजून आपलं ऐकते, एवढंच त्यांना हवं होतं.

कलाबाईंनी परात डब्यात रिकामी केली, हात धुतले, कानबाईचं नाव घेतलं.

"हाई मोतीनी."

सव्वा मूठ गहू परातीत पडले.

"हाई मोतीना बापनी."

असं म्हणून त्या उठल्या, मूठ खुर्चीच्या पायांना लावली आणि परातीत सोडली. मग त्यांनी हात झटकले आणि लाल फडकं घातलं.

नानांनी उभ्या आयुष्यात कचेरीची मराठी सोडली नव्हती. आईच्या बोलीत ते फक्त दोनदा बोलले होते, दोन्ही वेळा घरात मयत झाली होती तेव्हा.

"अन् मनी?" ते म्हणाले. "मनी मूठ कोठे शे वं?"

कलाबाईंनी डोक्यावर पदर ओढून घेतला. सज्जन पाहुण्यानं भलतंच काही मागावं आणि यजमानाला अवघडल्यासारखं व्हावं, तसं त्यांचं झालं.

"राग मानू नका, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "पाहुणासनी मूठ लेतस नही. आत्तेच तं तुम्हीच सांगं ना."

खुर्चीत वर्तमानपत्र उघडलेलं होतं. त्याच्यावर राखाडी टोपीचा काठ दिसत होता. खाली दोन पाय दिसत होते, आणि ते जमिनीवर टेकले होते, ऐसपैस, स्वतःच्या घरात टेकतात तसे. नानांनी उठायचं ठरवलं. बाज वीतभर उंचीची, सुताराकडून त्यांनीच मुद्दाम ठेंगणी करून घेतलेली. त्यांचे पाय तिच्यावरून लोंबत होते आणि खाली पोचत नव्हते.

कलाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी नानांच्या टोपीवरून मायेनं हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि सुईत दोरा ओवला. त्यांना वाईट वाटत होतं, ते हातावरून कळत होतं. चांगला पाहुणा जायला निघाला की वाटतंच.

अकरा वाजता लोटन आला. पार्सल त्यानं तळव्यावर घेतलं, नाना घेत तसंच डोळे मिटून, आणि खुर्चीकडे बघून म्हणाला, "चारशे ग्रॅम व्हई ना, नाना?"

खुर्चीतून होकार आला असावा, कारण लोटन खूश झाला. त्यानं पत्ता वाचला. अक्षर इतकं सुवाच्य होतं की ब्राझील कुठं आहे हे ठाऊक नसतानाही त्याला ते दिसल्यासारखं वाटलं. पार्सल बरोबर पोचणार यात शंका नव्हती. पत्ता यादव नानांच्या हातचा होता, आणि त्यांच्या हातून एकही पार्सल कधी चुकीच्या गावी गेलं नव्हतं.